नववीसाठी ऑनलाइन वाचन-स्वाध्याय: मुलांनी पाठ खरोखर वाचावा यासाठी काम कसे द्यावे?

तापीकाठ (चोपडा तालुका)

सर्व शिक्षक-मित्रांना नमस्कार.

मी एका ग्रामीण माध्यमिक शाळेत नववी-दहावीला मराठी शिकवतो. नववीच्या कुमारभारतीतील पाठ आणि कविता वर्गात घेण्याआधी मुलांना मोबाइलवर वाचायला द्यायच्या आणि त्यांवरचा छोटा स्वाध्याय गुगल फॉर्मवर किंवा व्हॉट्सॲपवर मागवायचा, असे आमच्याकडे या वर्षी ठरले आहे. ही कल्पना मला मनापासून पटते. पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासिकेतील निम्मा वेळ प्रकट वाचनात आणि कठीण शब्दांत जातो, आणि ज्यासाठी साहित्य शिकवायचे ते बोलणे, म्हणजे लेखकाने हे असेच का लिहिले, येथे तो का थांबला, हे वाचून तुला काय वाटले, ते पुढच्या तासिकेवर ढकलले जाते आणि पुढच्या तासिकेत नवा पाठ सुरू होतो. मुले घरून वाचून आली तर हा वेळ मोकळा होईल, अशी आशा आहे.

प्रत्यक्षात मात्र जे स्वाध्याय येतात ते वाचताना मन खट्टू होते. ‘पाठाचा सारांश लिहा’, ‘कवितेची मध्यवर्ती कल्पना सांगा’, ‘कविता आवडण्याचे कारण लिहा’ या प्रश्नांना निम्म्या वर्गाची उत्तरे अक्षरशः सारखी असतात, कारण ती एकाच गाइडमधून उतरवलेली असतात. अलीकडे दुसऱ्या प्रकारची उत्तरेही येऊ लागली आहेत. त्यांची भाषा शुद्ध आणि गुळगुळीत असते, एकही वाक्य अडखळत नाही, आणि त्यातील एकही वाक्य त्या मुलाचे नसते. मोबाइलमधील कृत्रिम बुद्धिमत्तेला प्रश्न विचारला की उत्तर मिळते, हे चौदा वर्षांच्या मुलाला आपल्यापेक्षा आधी कळलेले आहे. मुलांना दोष द्यावा असे मला वाटत नाही. न वाचताही ज्याचे उत्तर देता येते असा प्रश्न विचारला, तर ते न वाचताच उत्तर देणार.

माझ्या वर्गात अहिराणी बोलणारी मुले आहेत, लेवा घरांतील आहेत, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून येणारी पावरा आणि तडवी मुलेही आहेत. काहींच्या घरी दोन मोबाइल आहेत, काहींच्या घरी असलेला एकमेव मोबाइल दिवसभर वडिलांबरोबर शेतात असतो. अशा वर्गाला एकच ऑनलाइन काम कसे द्यावे, प्रश्न कसे काढावेत, आणि त्याला गुण द्यावेत की देऊ नयेत, याविषयी अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे, ही विनंती. केवळ ॲपची नावे नकोत. कोणत्या कवितेवर नेमके काय विचारावे, असे उदाहरण मिळाले तर अधिक उपयोग होईल.

बोरीकाठची बाई (अमळनेर)

सर, आपण प्रश्नातच अर्धे उत्तर दिले आहे. सारांश आणि मध्यवर्ती कल्पना यांवरचे प्रश्न पाठाच्या बाहेर उभे राहूनही सोडवता येतात, म्हणून ते घरच्या वाचनासाठी निरुपयोगी आहेत. परीक्षेच्या कृतिपत्रिकेत त्यांना स्थान आहे आणि त्यांचा सराव वर्गात होत राहील. घरी वाचायला देताना मात्र मुलाचे बोट एखाद्या ओळीवर ठेवावेच लागेल, असा प्रश्न हवा.

उदाहरण मागितले आहे म्हणून आपल्याच मातीतील कविता घेते. बालकवींचा जन्म १८९० मध्ये धरणगावचा, आणि त्यांची ‘औदुंबर’ ही कविता अवघ्या आठ ओळींची आहे. मोबाइलच्या पडद्यावर ती वर-खाली न सरकवता एका नजरेत मावते, आणि पडद्यावरच्या वाचनात ही गोष्ट किरकोळ नाही. लांब मजकूर सरकवताना मुलांची ओळ हरवते आणि मागे जाऊन पुन्हा वाचायचा त्यांना कंटाळा येतो, तर कवितेचे सारे मर्म मागे जाऊन पुन्हा वाचण्यातच असते. म्हणून ऑनलाइन वाचनाची सुरुवात छोट्या कवितेपासून करावी.

या कवितेवर मी तीनच गोष्टी विचारते. पहिली अशी की कवितेत ज्या क्रमाने रंग येतात त्या क्रमाने ते वहीत लिहून काढा. मुले लिहितात: हिरवाळी, निळासावळा झरा, शेतमळ्यांची हिरवी गर्दी, पांढरी पायवाट, हिरवी कुरणे, काळा डोह, आणि शेवटी लाटांवर पसरलेला काळिमा. हे काम यांत्रिक वाटते आणि वर्गातील सर्वांत कच्च्या मुलालाही ते जमते, पण यादी पूर्ण झाली की काहीतरी घडले आहे हे तिच्यातच दिसू लागते. उजळ हिरव्यापासून निघालेली नजर पांढऱ्या पायवाटेने चालत काळ्या डोहापाशी येऊन थांबते. दुसरा प्रश्न असा की या कवितेत गाव आहे, घरे आहेत, मळे आहेत, पायवाटही आहे, मग माणूस कुठे आहे? मुले शोधतात आणि त्यांना माणूस सापडत नाही. मग कोणाच्या तरी लक्षात येते की पाण्यात पाय टाकून माणसासारखा बसलेला तो केवळ औदुंबर आहे. तिसरा प्रश्न एकाच शब्दावरचा आहे. कवीने काळिम्याला ‘गोड’ म्हटले आहे, ते तुला पटते का? पटत असेल तर का आणि नसेल तर का, हे दोन-तीन वाक्यांत, आपल्या घरच्या बोलीत लिहिले तरी चालेल.

या तिसऱ्या प्रश्नाला बरोबर उत्तर नाही, आणि तसे मी मुलांना आधीच सांगते. कोणी लिहितो की उन्हाळ्यात भर दुपारी उंबराच्या सावलीत बसल्यावर जे वाटते ते गोडच असते. कोणी लिहितो की डोहाची भीती वाटते, त्याला गोड कसे म्हणायचे. मोठमोठ्या समीक्षकांनीही या आठ ओळींचे वेगवेगळे अर्थ लावले आहेत, त्यामुळे नववीच्या मुलांचे मतभेद हे शिकवण्यातील अपयश नसून तेच शिकवणे आहे.

आता सर्वांत महत्त्वाचे. उत्तरे आली की ती वर्गात जाण्यापूर्वी वाचा आणि तासिकेची सुरुवात त्यांतील दोन परस्परविरोधी उत्तरांनी करा. नावे न घेता दोन्ही उत्तरे फळ्यावर लिहायची आणि विचारायचे की कवितेतील कोणती ओळ पहिल्याच्या बाजूने आहे आणि कोणती दुसऱ्याच्या. आपण लिहिलेले बाई वाचतात आणि त्यावर उद्याचा तास उभा राहतो, हे मुलांना एकदा कळले की गाइडमधून उतरवण्याचे प्रमाण आपोआप घटते, कारण उतरवलेल्या उत्तरावर वर्गात बोलता येत नाही. स्वाध्याय मागवून केवळ ‘प्राप्त झाला’ अशी नोंद करणार असाल, तर तो न मागवलेला बरा.

गुगल डॉक्सचा एक उपयोग येथे नोंदवते. कविता डॉक्समध्ये टंकित करून वर्गाला फक्त टिप्पणीचा अधिकार दिला, तर प्रत्येक मुलाला हव्या त्या शब्दाला आपली टीप जोडता येते आणि दुसऱ्याच्या टिपेला उत्तरही देता येते. पूर्वी जुन्या पुस्तकांच्या समासात पेन्सिलीने लिहिलेले सापडायचे, तसे हे वर्गाचे मिळून समासलेखन होते. मोबाइलवर त्यासाठी डॉक्सचे ॲप लागते, आणि एका दस्तऐवजावर चाळीस मुले एकदम आली की गोंधळ उडतो, म्हणून मी सहा-सात जणांचे गट करून प्रत्येक गटाला वेगळी प्रत देते.

अमळनेरला शिकवताना साने गुरुजींची आठवण न येणे अशक्य आहे. १९२४ ते १९३० या काळात ते येथे शिक्षक होते आणि वसतिगृहातील मुलांसाठी स्वतःच्या हाताने ‘छात्रालय दैनिक’ लिहीत असत. मुलांच्या हाती वाचायला रोज काहीतरी द्यायचे आणि तेही खास त्यांच्यासाठी लिहिलेले, हा आग्रह आज आपण मोबाइलवरून अधिक सहजपणे पाळू शकतो. पाठासोबत शिक्षकाने स्वतः लिहिलेल्या चार-पाच ओळी, म्हणजे मला या कवितेत काय दिसले आणि कुठे मी अडले, एवढे पाठवले तरी मुलांच्या वाचनात फरक पडतो.

मोलगी रस्ता (नंदुरबार जिल्हा)

बाईंचे लिहिणे वाचून आनंद झाला आणि प्रश्नांची पद्धत मी वर्गात नक्की वापरणार आहे. तथापि आमच्या भागातून दोन-तीन गोष्टी मांडणे आवश्यक वाटते, कारण ‘ऑनलाइन’ म्हटल्यावर जे गृहीत धरले जाते ते अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगरात नसते.

येथे अनेक गावांत नेटवर्क एखाद्या टेकडीवर गेल्याशिवाय मिळत नाही. काही पालक मजुरीसाठी गुजरातमध्ये जातात आणि मोबाइल त्यांच्याबरोबर जातो. कापूस वेचणी सुरू झाली की मुलेही शेतात असतात. म्हणून ‘आज रात्री आठपर्यंत पाठवा’ अशा स्वरूपाचे काम आमच्याकडे चालतच नाही. आम्ही आठवड्याचे काम सोमवारी देतो आणि ते पुढच्या सोमवारपर्यंत केव्हाही करण्याची मुभा ठेवतो. मजकूर कधीही स्कॅन केलेल्या पीडीएफच्या रूपात पाठवत नाही. तीच कविता युनिकोडमध्ये टंकित करून साध्या संदेशात पाठवली तर ती क्षणात पोहोचते, एकदा उतरल्यावर नेटवर्क नसतानाही वाचता येते आणि अक्षर हवे तेवढे मोठे करता येते. पाठ लांब असेल तर त्याचे तीन-चार भाग करून, प्रत्येक भागाला क्रमांक देऊन पाठवतो आणि प्रत्येक भागाखाली एकच प्रश्न ठेवतो. ज्यांच्याकडे मोबाइल नाही त्यांना तेच काम कागदावर मिळते, आणि ते दुय्यम वाटू नये म्हणून वर्गात सर्वांची उत्तरे एकत्रच वाचली जातात.

दुसरी गोष्ट भाषेची. माझ्या वर्गातील बहुसंख्य मुलांची घरची भाषा पावरी किंवा भिली आहे. पाठ्यपुस्तकातील मराठी त्यांनी शाळेतच ऐकलेली असते. नुसता छापील मजकूर त्यांच्या हाती दिला तर ती अक्षरे वाचतात, पण वाक्याचा सूर त्यांना सापडत नाही, आणि सूर सापडल्याशिवाय कविता पोहोचत नाही. म्हणून मी प्रत्येक पाठाबरोबर माझ्या आवाजातील वाचनाचा ध्वनिसंदेश पाठवते. मुलांनी तो ऐकत ऐकत मजकुरावरून नजर फिरवायची आणि मग एकदा स्वतः मोठ्याने वाचायचे. उत्तरही लिहूनच द्यावे असा आग्रह मी धरत नाही. एका मिनिटाचा ध्वनिसंदेश खासगीत पाठवला तरी तो स्वाध्याय पूर्ण झाला असे मी मानते. लिहिताना दोन ओळींत अडकणारी मुलगी बोलताना एक मिनिट कमी पडते असे म्हणते, हे मी वर्षानुवर्षे पाहते आहे. शिवाय तापीकाठ सरांनी ज्या गुळगुळीत उत्तरांविषयी लिहिले आहे, त्यांवरही हा बऱ्यापैकी उपाय आहे. दुसऱ्याने लिहिलेले उत्तर मूल वाचून दाखवत असेल तर ते ऐकताच कळते.

बोलून दिलेले उत्तर कमी प्रतीचे आहे असे ज्यांना वाटत असेल, त्यांनी असोद्याच्या बहिणाबाई चौधरींचा विचार करावा. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या ओव्या आणि कविता त्यांच्या मुखातून ऐकून इतरांनी उतरवून घेतल्या, आणि १९५१ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर सोपानदेव चौधरींच्या पुढाकाराने १९५२ मध्ये त्या पुस्तकरूपाने आल्या. ज्या जिल्ह्यातील विद्यापीठाला आज त्यांचे नाव आहे, त्या भागात तरी मौखिक अभिव्यक्तीला साहित्याच्या तासाला पूर्ण मान मिळायला हवा.

उच्चारांविषयी एक विनंती. अहिराणी आणि लेवा बोलणारी मुले ‘डोळा’ऐवजी ‘डोया’ म्हणतात, आमच्याकडील मुलांचे उच्चार आणखी वेगळे असतात. ध्वनिसंदेश ऐकताना उच्चाराचे गुण कापले, तर पुढच्या वेळी तो संदेश येणारच नाही. प्रमाण उच्चार शिकवायचे असतील तर त्यासाठी वेगळी तासिका घ्यावी. वाचनाच्या स्वाध्यायात ते आणू नये.

आणखी एक, व्हॉट्सॲपच्या गटावर उत्तरे मागवू नयेत. पहिल्या मुलाचे उत्तर दिसले की बाकीच्यांची तशीच येतात, आणि मुलींचे किंवा त्यांच्या पालकांचे क्रमांक सर्वांना दिसतात हे तर मुळीच योग्य नाही. ब्रॉडकास्ट यादी केली तर संदेश प्रत्येकाला स्वतंत्र जातो आणि उत्तरही फक्त शिक्षकाकडे येते. त्यासाठी शिक्षकाचा क्रमांक पालकांच्या मोबाइलमध्ये साठवलेला असावा लागतो, एवढे पहिल्या पालकसभेत सांगावे.

वाचनालय (जळगाव)

मी शिक्षक नाही, ग्रंथपाल आहे. शिक्षक मंडळी वाचनासाठी कुठले साहित्य वापरू शकतात, एवढ्यापुरतेच लिहितो.

भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षांनी त्याच्या साहित्यावरील स्वामित्वहक्क संपतो, आणि मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या साहित्याच्या बाबतीत ही साठ वर्षे प्रकाशनापासून मोजली जातात. त्यामुळे बालकवी (निधन १९१८), केशवसुत (१९०५), ‘नाट्यछटा’कार दिवाकर (१९३१), लक्ष्मीबाई टिळक (१९३६) आणि साने गुरुजी (१९५०) यांचे मूळ लेखन मुक्त झाले आहे. बहिणाबाईंच्या १९५२ च्या संग्रहातील कविताही त्यात येतात. हे साहित्य आपण टंकित करून, ध्वनिमुद्रित करून, भाग पाडून मुलांना निर्धास्तपणे पाठवू शकता. नंतरच्या आवृत्त्यांतील संपादकीय प्रस्तावना, टिपा किंवा चित्रे मात्र वेगळी गोष्ट आहे, ती उचलू नयेत. हयात किंवा अलीकडच्या लेखकांचे अख्खे पुस्तक स्कॅन करून गटावर टाकण्याची जी सवय पडली आहे, ती साहित्य शिकवणाऱ्याने तरी मोडावी. वर्गात शिकवण्याच्या ओघात उतारा देण्याची सवलत १९५७ च्या कायद्याने शिक्षकाला दिलेली आहे, पण पुस्तक वाटत सुटण्याची नाही.

पाठ्यपुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत उपलब्ध आहेतच. संदर्भासाठी मराठी विश्वकोश आणि मुक्त साहित्यासाठी मराठी विकिस्रोत पाहावे. दिवाकरांच्या नाट्यछटांकडे आपले विशेष लक्ष वेधतो. एकच पात्र बोलत असते, समोरच्याचे शब्द आपल्याला ऐकू येत नाहीत, ते बोलणाऱ्याच्या उत्तरांवरून ताडावे लागतात, आणि बहुतेक नाट्यछटा पानाभरात संपतात. ‘समोरचा माणूस काय म्हणाला असेल ते लिहा’ एवढाच प्रश्न दिला तरी प्रत्येक वाक्य लक्षपूर्वक वाचल्यावाचून मुलाला उत्तर देता येणार नाही.

तापीकाठ (चोपडा तालुका)

सर्वांचे मनापासून आभार. नाट्यछटेची सूचना लगेच अमलात आणण्याजोगी आहे. बाईंनी दिलेला ‘औदुंबर’चा नमुनाही मी या आठवड्यात वापरतो आहे. दोन शंका उरतात. गुणांचे काय करावे, याविषयी कोणी लिहिले नाही. आणि हे सारे छोट्या रचनांसाठी ठीक असले तरी नववीच्या मुलाने वर्षात एखादे तरी संपूर्ण पुस्तक वाचावे, असे मला फार वाटते. ते या मार्गाने शक्य आहे का?

पांझरा (धुळे)

मी वाचन संपूर्णपणे मोबाइलवर सोपवण्याच्या विरुद्ध आहे, हे आधीच स्पष्ट करतो. चाळीस मुलांच्या वर्गात समोरासमोर वाचताना एखाद्या वाक्यावर जी शांतता पसरते, ती मोबाइलवर मिळत नाही, आणि कथा-कवितांचे मुख्य वाचन वर्गातच व्हावे असे माझे मत आहे. परंतु सरांच्या दुसऱ्या शंकेच्या बाबतीत, म्हणजे संपूर्ण पुस्तकासाठी, ऑनलाइन मार्ग खरोखरच उपयोगी आहे, कारण शाळेच्या ग्रंथालयात एका पुस्तकाच्या चाळीस प्रती क्वचितच असतात.

‘श्यामची आई’ घ्या. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ते लिहिले आणि त्याची विभागणीच मुळात रात्रींत आहे. अशा एकूण बेचाळीस रात्री आहेत. आठवड्याला एक किंवा दोन रात्री पाठवल्या तर शालेय वर्षात पुस्तक पूर्ण होते. लेखकाने एका बैठकीत सांगता येईल एवढ्याच मापाचे भाग केलेले असल्यामुळे मुलांनाही ओझे वाटत नाही. आपल्या मुलांना हे पुस्तक माहीत असते ते एखाद-दुसऱ्या उताऱ्यापुरते, आणि ते रडवणारे पुस्तक आहे अशा ऐकीव समजुतीपुरते. सलग वाचले की त्यांना त्यातील कर्ज, भाऊबंदकी, घरावर येणारी जप्ती आणि वडिलांची हतबलता दिसते. कापसाचा भाव पडल्यावर घरात काय होते हे जाणणाऱ्या खान्देशातील मुलाला ते समजावून सांगावे लागत नाही.

प्रश्न विचारताना मात्र या पुस्तकापुढे हात जोडून उभे राहायला मुलांना लावू नये. पोहायला जायला घाबरणाऱ्या श्यामला आई मारून विहिरीवर पाठवते, तो प्रसंग वाचून ‘आईचा कोणता गुण दिसतो?’ असे विचारले की ‘शिस्तप्रियता’ असे एका शब्दाचे उत्तर येते आणि वाचन तेथेच संपते. त्याऐवजी ‘तू श्यामच्या जागी असतास तर त्या रात्री आईशी काय बोलला असतास?’ असे विचारावे. मुले रागावून लिहितात, आईची बाजू घेऊन लिहितात, आपल्या घरातील प्रसंग लिहितात. ही उत्तरे वर्गात वाचून दाखवण्यापूर्वी त्या मुलाची परवानगी घ्यावी, कारण त्यात अनेकदा घरातल्या खासगी गोष्टी आलेल्या असतात. काही उत्तरे फक्त शिक्षकापर्यंतच राहिली पाहिजेत, आणि तसे मुलांना आधी सांगितले पाहिजे.

आता गुणांविषयी. घरच्या वाचन-स्वाध्यायाला उत्तराच्या दर्जावर गुण देऊ नयेत, असे माझे ठाम मत आहे. दर्जावर गुण दिले की मूल स्वतःचे कच्चे वाक्य पाठवण्याऐवजी दुसऱ्याचे पक्के वाक्य शोधू लागते, आणि ज्या गाइडपासून आपण त्याला दूर नेत होतो त्याच्याकडेच त्याला परत पाठवतो. काम केले की नाही, एवढीच नोंद ठेवावी. अंतर्गत मूल्यमापनात स्वाध्यायासाठी जे गुण असतात ते सत्राच्या शेवटी एका निवडक उत्तराला द्यावेत. मुलाने सत्रभरात पाठवलेल्या आपल्या उत्तरांपैकी एक स्वतः निवडायचे, वर्गातील चर्चेनंतर ते वहीत पुन्हा लिहायचे, आणि पहिल्या लेखनात काय बदलले व का बदलले हे खाली दोन वाक्यांत लिहायचे. हे लेखन हातानेच आणि वर्गातच व्हावे. बोर्डाची परीक्षा हातानेच लिहायची आहे, हे एक कारण आहे, आणि मोबाइलवर रोमन अक्षरांत मराठी लिहिण्याची सवय मोडण्यासाठीही त्याचा उपयोग होतो. पूर्वीचे आणि नंतरचे लेखन शेजारी ठेवले की मूल वाचक म्हणून किती पुढे आले ते शिक्षकाला, पालकांना आणि त्या मुलालाही दिसते.

बोरीकाठची बाई (अमळनेर)

पांझरा सरांच्या गुणांविषयीच्या मताशी मी पूर्ण सहमत आहे. केवळ एक भर घालते. सत्राच्या शेवटी निवडायच्या उत्तरांत मोलगीच्या ताईंनी सांगितलेले ध्वनिसंदेशही धरावेत. मुलाने आपलाच जुना संदेश पुन्हा ऐकायचा आणि तो वहीत उतरवून काढून मग सुधारायचा. बोललेले लिहिण्यात आणण्याचा याहून चांगला सराव मला माहीत नाही.

शिक्षकाच्या वेळेविषयीही लिहिले पाहिजे, कारण दोन तुकड्यांची ऐंशी उत्तरे दर आठवड्याला वाचणे कोणालाही झेपणार नाही आणि मग चांगली सुरू झालेली गोष्ट दिवाळीपर्यंत बंद पडते. मी प्रत्येक उत्तराला लेखी अभिप्राय देत नाही. सर्व उत्तरांवरून नजर फिरवते, वर्गात मांडण्यासाठी तीन-चार निवडते, आणि दर आठवड्याला वेगवेगळ्या सात-आठ मुलांना दोन ओळींचा स्वतंत्र अभिप्राय पाठवते, म्हणजे सुमारे अडीच महिन्यांत प्रत्येकाची पाळी येते. अभिप्रायात शुद्धलेखनाच्या चुका दाखवत नाही. ‘तू पांढऱ्या पायवाटेविषयी लिहिलेस ते माझ्या ध्यानात आले नव्हते, ती वाट डोहापाशीच का थांबते असे तुला वाटते?’ असा त्याच्या वाक्यातून निघालेला पुढचा प्रश्न विचारते. बहुतेक मुले त्याला उत्तर देतात, आणि हे दुसरे उत्तर पहिल्यापेक्षा जवळजवळ नेहमीच चांगले असते.

सर, ‘औदुंबर’ घेतल्यावर मुलांनी काय लिहिले ते येथे अवश्य कळवा. विशेषतः पाड्यांवरून येणाऱ्या मुलांनी त्या ‘गोड’ शब्दाविषयी काय म्हटले, ते वाचायला मला आवडेल.